अर्धा इंची पाना

स्वयंपाकघरात भांडं पडलं की मी अजूनही हातातलं काम सोडून थांबते. कुंपणापलीकडून आवाज येईल अशी कानांना सवय झाली आहे.

"काय पडला, बाई?"

हा प्रश्न मी वीस वर्षं ऐकला. विचारणारे माझे शेजारी जनार्दन म्हात्रे, आमच्या सासवणे गावात सगळ्यांचे जनादादा. त्यांच्या आणि माझ्या घरांच्या मध्ये एक कोरांटीचं कुंपण तेवढं होतं. माझ्याकडे चमचा पडो की हंडा, पलीकडून प्रश्न यायचाच, आणि उत्तर मिळेपर्यंत हा माणूस जागचा हलत नसे. सुरुवातीला मला भयंकर राग यायचा. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. प्रश्न विचारायची मला सवय, उत्तरं द्यायची नव्हे. एकदा मी हट्टानं गप्प बसले. पाच मिनिटांत जनादादा रस्त्यानं वळसा घालून दारात उभे.

"पडला तो गावला का?"

"वाटी होती हो. उचलली."

"कुठं गेलीवती?"

"ओट्याखाली."

"मंग बरा," म्हणाले आणि आले तसे गेले. त्या दिवसानंतर मी निमूट उत्तर देऊ लागले.

जनादादा विमानांचे मेकॅनिक. मूळचे पेणकडचे, मिठागरात राबणाऱ्या घरातले. बापानं आयुष्यभर मीठ ओढलं आणि मुलगा विमानाच्या पोटात हात घालू लागला, याचं त्यांच्या गावात कोण कौतुक होतं. मांडव्याच्या मागच्या माळावर पूर्वी विमान शिकवणारी एक छोटी संस्था होती. विशीतच ते तिथं लागले. संस्था बंद पडली, माळ एका कारखानदारानं घेतला, त्याचं चार जणांचं छोटं विमान तिथं उतरू लागलं, आणि जनादादा त्याच धावपट्टीवर, त्याच पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. मालक बदलला, माणूस बदलला नाही.

बुटका बांधा, मोठे कान, आणि उजव्या हाताची बोटं अंगाच्या मानानं चांगलीच लांब. सदऱ्याला खिसा नाही. खिशातून वस्तू पडतात, म्हणून त्यांनी आयुष्यभर बिनखिशाचे सदरे शिवून घेतले. अलिबागचा शिंपी दर वेळी विसरून खिसा लावायचा आणि दर वेळी भांडण व्हायचं. चष्मा गळ्यात दोरीला, घराची चावी करगोट्याला. रुमालसुद्धा विजारीला सेफ्टी पिनेनं टाचलेला असायचा.

त्यांच्या घरात पहिल्यांदा गेले तेव्हा स्वयंपाकघराची भिंत बघून मी हसू लागले होते. भिंतीवर एक मोठी लाकडी फळी, फळीला पांढरा रंग, आणि त्यावर प्रत्येक वस्तूची काळी आकृती काढलेली. पळीच्या जागी पळीची आकृती, सांडशीच्या जागी सांडशीची, लाटणं, झारा, किसणी, खलबत्त्याचा बत्ता. वस्तू काढली की मागे तिची काळी सावली उघडी पडायची, म्हणजे लांबूनही कळावं की काय जागेवर नाही. विमानाच्या शेडमध्ये हत्यारांची अशीच फळी असते, हे मला नंतर कळलं. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, बिचाऱ्या चुलीपाशी बसून म्हणाल्या, "बाई, ह्या घरान उलथना बी रजा घेऊन भायेर जातो."

जनादादांचा नियम एकच होता. काम संपलं की हत्यारं मोजायची, आणि मोजणी पुरी झाल्याशिवाय विमान हलवायचं नाही. ते एवढ्यावर थांबले असते तर कुणाची हरकत नव्हती. पण त्यांनी तो नियम सगळ्या जगाला लावला. भाचीच्या लग्नात पंगत बसली, पानं मांडली, आचाऱ्यानं वरणाचं पातेलं उचललं, आणि हे आडवे. आधी झारे नि डाव मोज. आचारी वैतागला, पण मोजले, तर एक झारा कमी. झालं. दोनशे माणसं पानावर बसलेली, नवरदेवाचा मामा तणतणतोय, आणि जनादादा बाह्या सरसावून एकेका पातेल्यात डाव फिरवताहेत. शेवटी झारा केळीच्या पानांच्या भाऱ्याखाली सापडला. तोवर वरणावर साय धरली होती. त्या घरातून त्यांना पुन्हा लग्नाचं बोलावणं आलं नाही. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर गुंगीतून डोळे उघडल्या उघडल्या त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं, "सायेब, हत्यारा मोजली का?" डॉक्टर हसले, पण आत जाऊन नर्सला विचारून आले म्हणे.

कॅप्टन रोहिणीची ओळखही अशीच झाली. ती त्या कारखानदाराच्या विमानाची वैमानिक, चाळिशीची, तोंडानं फटकळ. नोकरीचा पहिला आठवडा. मालकाचे पाहुणे येऊन सीटवर बसलेले, आणि हिच्या लक्षात आलं की आपलं पेन सापडत नाही. सहज बोलून गेली. जनादादांनी पाहुण्यांना उतरवलं. सीट काढल्या, तळाचा पत्रा खोलला. मालकाचा फोनवर फोन. पाऊण तासानं पेन निघालं, तळाखालून जी तार शेपटाकडे जाते, जी अडकली तर विमान वर उचलत नाही, तिच्या अगदी शेजारी. जनादादांनी ते तिच्या हातात ठेवलं आणि पत्रा परत लावायला बसले. "बाई, मी त्या दिवशी घरी जाऊन रडले," असं तिनं मला पुढं सांगितलं. त्यानंतर मालक ओरडला तरी ती जनादादांच्या मानेच्या होकाराशिवाय विमान सुरू करत नसे.

हे सगळं मी वर्षानुवर्षं गमतीनं सांगत आले. पण एक गोष्ट गमतीत बसत नव्हती. मोठी ओहोटी असली की जनादादा किनाऱ्यावर जायचे आणि पार थळच्या बाजूपर्यंत पाण्याच्या रेघेनं चालायचे, मान खाली घालून. बायका तिथं तिसऱ्या, खायच्या शिंपल्या, गोळा करत असायच्या, त्यांना वाटायचं हेही तेच करतात. पण ते लोखंड उचलायचे. गंजका खिळा, होडीचं कडं, तुटलेली साखळी. उचलायचे, डोळे मिटून त्यावर अंगठा फिरवायचे, आणि परत होतं तिथंच ठेवायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कायतरी पडलाय माजा." काय, ते सांगितलं नाही. त्या वेळचा त्यांचा चेहरा बघून मीही पुढं विचारलं नाही.

ते कळलं एका रविवारी दुपारी. त्यांना मराठी वाचता यायचं, इंग्रजी फक्त विमानाच्या कामापुरतं. म्हणून रविवारी मी त्यांना इंग्रजी पेपरातलं काही सांगायची. त्या दिवशी पुरवणीत दक्षिणेतल्या एका विमान संग्रहालयाचा फोटो होता. हिरवळीवर मांडलेली जुनी विमानं, आणि पुढच्या रांगेत एक इवलंसं, लाल पट्ट्याचं. मी पान त्यांच्यापुढं धरलं आणि त्यांच्या हातून चहाची बशी पडली. फुटली. काय पडलं हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. त्या फोटोवर त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा मेला न्हाय तं अजून."

मग ते बोलू लागले. वहिनी आत झोपल्या होत्या, आणि त्यांनी आवाज इतका खाली घेतला होता की मला पुढं वाकून ऐकावं लागलं.

संस्थेत दोन विमानं होती, एक लाल पट्ट्याचं, एक निळ्या पट्ट्याचं. मेकॅनिकही दोनच. हाताखाली जनादादा आणि वर त्यांचे उस्ताद इस्माईलभाई, माणगावकडचे. प्रत्येकाच्या हत्यारावर त्याचा नंबर कोरलेला असायचा, इस्माईलभाईंचा तीन, यांचा सात. आकृत्यांची फळी, मोजण्याचा नियम, सगळं उस्तादांनीच शिकवलेलं. रोज संध्याकाळी ते स्वतः यांची फळी तपासायचे. त्यांचा आणखी एक रिवाज होता. विमानाचा पत्रा ज्यानं शेवटचा बंद केला, त्यानं दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या उड्डाणात वैमानिकाशेजारी बसायचं. काम चोख केलंस ना, मग बस वर.

एका दिवशी दोघांनी मिळून दोन्ही विमानांचं काम केलं. एकदा ह्यात, एकदा त्यात. संध्याकाळी जनादादांनी फळीवर हत्यारं लावली, तर एक सावली उघडी राहिली. अर्ध्या इंचाचा पाना. अंधार पडेपर्यंत त्यांनी दोन्ही विमानांखाली, गवतात, शेडमध्ये शोधला. पत्रे पुन्हा खोलायचे तर उस्तादांना सांगायला हवं होतं, आणि आधीच्याच महिन्यात एका मदतनिसाला हत्यार हरवल्यावरून काढून टाकलं होतं. यांचं नवीनच लग्न झालेलं. तेवढ्यात इस्माईलभाई आले. त्या दिवशी त्यांनी फळीकडे पाहिलंच नाही. लांबूनच विचारलं, "मोजलंस ना रे?"

"मी म्हटला, व्हय," जनादादा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते बाजारातून तसाच पाना घेऊन आले, त्यावर सात कोरला आणि आकृतीवर टांगला. पहिलं उड्डाण निळ्याचं होतं. पत्रा जनादादांनी बंद केलेला, म्हणून बसायची पाळी यांची. शिकवायला नवीनच लागलेला चोवीस वर्षांचा पोरगा वैमानिक, हसरा, येताना सगळ्यांना शेंगदाणे आणणारा. जनादादांनी पोट दुखतंय म्हणून सांगितलं. पोरगा म्हणाला, झोपा तुम्ही, मी एक फेरी मारून येतो. आणि एकटाच गेला. थळच्या कोळ्यांनी विमान सरळ खाली पाण्यात जाताना पाहिलं. एक चाक आणि सीटची गादी, एवढंच किनाऱ्याला लागलं. चौकशी झाली. कारण समजलं नाही, असं लिहून ती संपली.

"माजा पाना एक तं त्या निल्यान ऱ्हायला, न्हाय तं लालमदी," ते म्हणाले. "लाल संस्थेनं इकला. कुठं गेला कलला न्हाय. चालीस वर्सं मना वाटला, भंगारात गेला आसंल. आता हा उभा हाय. तारंच्या बाजूला हात घातला का कलंल, बाई. लालमदी गावला, तं पोरगा मी न्हाय मारला."

मला त्यांचा राग आला, हे मी लपवत नाही. चोवीस वर्षांचा मुलगा मला डोळ्यांपुढं दिसत होता. मग त्यांची किनाऱ्यावरची वाकलेली मान आठवली आणि राग टिकला नाही. त्याच संध्याकाळी मी संग्रहालयाला पत्र लिहिलं. या विमानावर पूर्वी काम केलेला मेकॅनिक अजून हयात आहे, त्याला ते विमान आतून तपासून साफ करून द्यायचं आहे, मोबदला नको. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, जरूर या.

आगगाडीनं जाता आलं असतं. पण कॅप्टन रोहिणीला मालकाच्या कामासाठी विमान त्याच गावी न्यायचं होतं, आणि तिनं मालकाकडून आम्हा दोघांची परवानगी काढली. तेव्हा मला कळलं की जनादादा त्या दिवसानंतर कधीही विमानात बसलेले नाहीत. मी म्हटलं, आपण गाडीनं जाऊ. ते म्हणाले, "न्हाय. माजी बसाची पाली ऱ्हायलीय."

जायच्या दिवशी त्यांनी पहाटेपासून विमान तपासलं, हत्यारं तीनदा मोजली, आणि पुढं कॅप्टनशेजारी बसले. मी मागं, देवाचं नाव घेत. माझ्या भित्रेपणाची वर्णनं रोहिणी अजून मिटक्या मारत सांगते. धावपट्टी सुटली, नारळीची टोकं खाली गेली आणि विमान समुद्रावर वळलं. मांडव्याचा धक्का काडेपेटीएवढा दिसत होता, मुंबईहून येणारी बोट त्याच्याकडे सरकत होती. जनादादा काचेला कपाळ लावून खालचं पाणी बघत होते. थळसमोर आल्यावर त्यांनी हात वर केला. रोहिणीला मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. तिनं काही न विचारता विमान एका बाजूला कलवलं आणि त्या पाण्यावरून सावकाश एक गोल फेरी मारली. त्यांनी विजारीला टाचलेल्या रुमालातून मूठभर शेंगदाणे काढले. खिडकीची झडप उघडायला ते कॅप्टनची परवानगी मागत होते. या माणसानं जन्मात विमानातून काही पडू दिलं नव्हतं. रोहिणीनं मान हलवली. शेंगदाणे गेले. मग त्यांनी झडप लावली आणि रुमालाची पिन चाचपून पाहिली.

माझ्या मनात मात्र नको ते चाललं होतं. आदल्या आठवड्यात मी अलिबागला एका हार्डवेअरच्या दुकानासमोर बराच वेळ उभी राहिले होते. एक अर्धा इंची पाना घ्यावा, त्यावर सात कोरून घ्यावा आणि संधी साधून त्या लाल विमानात टाकावा, म्हणजे त्यांच्या हाताला लागेल. शेवटी घेतला नाही. घेतला असता तर त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी जे केलं तेच मी केलं असतं. तरी विमानात बसल्यावर वाटत होतं, घ्यायला हवा होता.

संग्रहालय म्हणजे मोठं आवार होतं. उन्हात विमानं उभी, त्यांच्या पंखांखाली शाळेची मुलं डबे खात बसलेली. विमानं उडायची थांबली की फार लहान दिसतात. लाल पट्ट्याचं विमान तीन लोखंडी खुरांवर उभं होतं, पंखा बोल्टानं जखडलेला, रंग नवीन. जनादादांनी आधी त्याच्या नाकावर हात ठेवला. मग शेपटाखाली चटई टाकून उताणे झाले, पत्र्याचे स्क्रू काढून एका डब्यात मोजून ठेवले, आणि उजवा हात कोपरापर्यंत आत घातला. चेहरा माझ्याकडे होता. डोळे मिटलेले. तिथं डोळ्यांचं काम नसतं, सगळं बोटांनी बघायचं असतं. आतून वाळलं गवत निघालं, पक्ष्याच्या घरट्याचं. एक सुकलेली पाल निघाली. मग हात थांबला.

त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. हात फार हळू बाहेर आला. मुठीत काहीतरी होतं. डोळे न उघडताच त्यांनी त्यावर अंगठा फिरवला, आणि मी न राहवून म्हटलं, "सापडला ना?"

"माजा न्हाय," ते म्हणाले. "तीन."

लाकडी मुठीचा एक स्क्रूड्रायव्हर होता. मुठीवर तीनचा आकडा.

त्यांनी डोळे उघडले, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. "उस्तादांनी त्या दिशी माजी फली बगितली न्हाय," ते सावकाश म्हणाले. "म्हून न्हाय बगितली. त्यांचाबी गेलावता." पोरगा गेल्यावर महिन्याभरात इस्माईलभाईंनी नोकरी सोडली, माणगावला टायरपंक्चरचं दुकान टाकलं आणि पुन्हा कधी या माळावर पाऊल ठेवलं नाही. लोक म्हणायचे, भ्याले. त्या संध्याकाळी शेडमध्ये एक माणूस दुसऱ्याची फळी बघायला धजत नव्हता आणि दुसरा पहिल्याची हत्यारांची पेटी. दोघांनीही एकेक हत्यार हरवलं होतं, आणि दोघंही एकटेच होते.

त्यानंतर जनादादांनी ते विमान नाकापासून शेपटापर्यंत तपासलं. दोन तास लागले. आतल्या प्रत्येक कोपऱ्यात त्यांची बोटं जाऊन आली. आणखी काही निघालं नाही. त्यांनी पत्रे लावले, हत्यारं मोजली, आणि हात पुसत उभे राहिले. मी वाद घालू लागले. अहो, पाना गवतात पडला असेल. कुणी उचलला असेल. विमान विकल्यावर दुसऱ्या मेकॅनिकनं काढून घेतला असेल.

"आसंल," ते म्हणाले. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणत होते.

स्क्रूड्रायव्हर तिथल्या अधिकाऱ्यापुढं ठेवला. मी इंग्रजीत सांगितलं की हे विमानाचं नाही, एका माणसाचं आहे, आणि तो माणूस जिवंत असावा. अधिकारी भला होता. म्हणाला, आमच्या यादीत ही वस्तू नाही, न्या.

परतीच्या वाटेवर मी त्यांना म्हटलं, इस्माईलभाईंना हे द्यायलाच हवं का? द्यायचं म्हणजे काय होतं, ते मला दिसत होतं. इस्माईलभाई सुटणार, आणि मग त्या निळ्या विमानात राहिलं असेल तर एकच हत्यार राहणार, जनादादांचं. जनादादांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी चोरायला सांगितलं आहे. "त्यांचा हाय, बाई," म्हणाले.

पुढच्या आठवड्यात आम्ही एसटीनं माणगावला गेलो. महामार्गाच्या कडेला दुकान, आता पुतण्या चालवतो. ऐंशीच्या घरातले इस्माईलभाई आत एका जुन्या टायरवर बसले होते, पांढरी दाढी, गुडघे गेलेले. त्यांनी जनादादांना ओळखायला वेळ घेतला, आणि ओळखल्यावर तोंड फिरवलं. चाळीस वर्षांत ते भेटले नव्हते. जनादादांनी काही प्रस्तावना केली नाही. खाली बसले, रुमाल सोडला आणि स्क्रूड्रायव्हर त्यांच्या मांडीवर ठेवला.

"लालमदी व्हता, उस्ताद. तारंच्या बाजूला. मी सोताच्या हातानं काढला."

म्हाताऱ्यानं मुठीवर अंगठा फिरवला. तोही डोळे मिटूनच. मग तो रडू लागला, आवाज न करता, आणि पुतण्या घाबरून उठला तर त्याला हातानं थांबवलं.

"लालमदी?" त्यांनी पुन्हा विचारलं. "नक्की लालमदी?"

"व्हय."

"या अल्ला. मी नमाजाला उभा राहिलो तरी तो पोरगा पुढं यायचा. मी धरून चाललो होतो, मीच मारला त्याला. बायकोला बोललो नाही, कुणाला बोललो नाही." ते जनादादांचा हात दोन्ही हातांत धरून बोलत होते. मग एकदम थांबले. "मग तो कशानं गेला रे, जना?"

मी जनादादांकडे पाहिलं. दुकानासमोरून ट्रक जात होते.

"वाऱ्यानं गेला आसंल, उस्ताद," ते म्हणाले. "पावसाली वारा व्हता तवा."

"असेल, असेल," इस्माईलभाई म्हणाले. "तुझं काही राहिलं असणं शक्यच नव्हतं. तू मोजल्याशिवाय हलायचा नाहीस. म्हणून तर त्या दिवशी मी नुसतं विचारलं. तू व्हय म्हणालास, मी निर्धास्त झालो. निदान पोराचं तरी पुरं आहे म्हटलं."

जनादादा "व्हय" म्हणाले. दुसऱ्यांदा. त्या पहिल्या होकारानं त्यांचं आयुष्य खाल्लं होतं, आणि हा दुसरा त्यांनी जाणूनबुजून दिला. मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. निघताना इस्माईलभाई दुकानाच्या पायरीपर्यंत आले. गुडघे गेलेला माणूस ताठ उभा होता. पुतण्या म्हणाला, चाचांना असं उभं बघून किती वर्षं झाली.

एसटीत जनादादा खिडकीशी बसले. कोलाड गेलं तसे म्हणाले, "बरा दिसत व्हता ना उस्ताद?" मी हो म्हटलं. "मंग बरा," म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. मी त्यांना खूप काही बोलणार होते. ते खोटं बोलले होते आणि मला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं, हे दोन्ही एकाच वेळी कसं सांगायचं ते मला कळलं नाही.

वर्षभरानं, श्रावणात, ते झोपेतच गेले. फळीवरच्या सगळ्या वस्तू जागेवर होत्या. त्याच्या आठवडाभर आधी मी त्यांना किनाऱ्यावर शेवटचं पाहिलं. सकाळची मोठी ओहोटी होती, पाणी लांब गेलं होतं, आणि मी नि वहिनी बांधावर उभ्या होतो. तिसऱ्या गोळा करणाऱ्या बायका घरी परतल्या होत्या. दूर ओल्या वाळूवर एकटे जनादादा चालत होते, मान खाली.

मिठागरातल्या माणसाला लोखंड खाऱ्या पाण्यात किती टिकतं ते कुणी सांगावं लागत नाही. चाळीस वर्षांत त्या पान्याचा चुरासुद्धा उरला नसणार, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. वहिनींना पाना हरवला एवढंच ठाऊक होतं.

"बाई," वहिनी म्हणाल्या, "तुमी दोगा विमानान गेलंव, तवा ह्यांचा पाना गावला ना? मना तं म्हनाले, गावला. मंग आता काय शोदतान?"

मी समुद्राकडे बघत म्हटलं, "तिसऱ्या बघत असतील, वहिनी."

"तिसऱ्या ते खात बी न्हाईत," वहिनी म्हणाल्या.

तिकडे जनादादा वाकले. काहीतरी उचललं, सदऱ्याला पुसलं, आणि तोंड वर करून उभे राहिले. एवढ्या लांबूनही मला कळत होतं की डोळे मिटलेले आहेत आणि अंगठा फिरतो आहे. बराच वेळ फिरला. मग त्यांनी ते होतं तिथंच परत ठेवलं आणि थळच्या बाजूला चालू लागले.